आजाऱ्याच्या उशाशी बसताना

या पानावर मी तुम्हांला नेहमी काही ना काही सांगत असते. कधी लोणच्याचं प्रमाण, कधी रेशमी साड्यांची निगा. आज मात्र सल्ला देण्याआधी एक कबुली द्यायची आहे. मागल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. लहानशीच, एका गोळीएवढी. पण त्या गोळीनं माझ्या सासूबाई जवळजवळ हातच्या गेल्या होत्या.

आमचं मूळ घर मुरूडला. जंजिऱ्याचं मुरूड नव्हे हं, रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यातलं, हर्णैच्या शेजारचं. थोरले दीर आणि वहिनी तिथं नारळी-पोफळीची वाडी सांभाळून राहतात आणि सासूबाई त्यांच्याजवळच असतात. वय ७८. श्रावणात विहिरीकडून येताना चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ धरलं होतं, त्यावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, आठवड्यानं घरी आणलं. पण घरी आणलं म्हणजे खरं काम सुरू होतं, हे आपल्यापैकी ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक! वहिनींनी पंधरा दिवस एकटीनं रात्री जागून काढल्या. मग मी आठ दिवस रजा टाकून गेले. म्हटलं, "वहिनी, आता तुम्ही निवांत झोपा. रात्रीची पाळी माझी."

दुसऱ्याच रात्री, नऊच्या सुमाराला, दिवे गेले. औषधांचा डबा पत्र्याचा, बिस्किटांचा. त्यात सासूबाईंच्या गोळ्या आणि दिरांच्याही. दिरांना मधुमेह आहे. पट्ट्या कात्रीनं कापून कापून छोटे तुकडे केलेले, त्यावरची नावं निम्मी गेलेली. मेणबत्तीच्या उजेडात मी एक पांढरी छोटी गोळी काढली आणि सासूबाईंना दिली. त्यांनी बिचाऱ्यांनी मुकाट्यानं घेतली. रात्री पेजही दोनच घास खाल्ली होती.

पहाटे तीनला त्यांच्या कण्हण्यानं जाग आली. बघते तो अंग घामानं डबडबलेलं, हात थरथरताहेत आणि काहीतरी असंबद्ध बोलताहेत. मला त्या वन्सं समजून हाक मारू लागल्या. वहिनी धावत आल्या. त्यांना वाटलं, आता काही खरं नाही. त्या तुळशीचं पाणी आणायला निघाल्या. दीर पलीकडच्या वाडीत धावले. तिथली मुलगी नर्स आहे, सुट्टीवर घरी आली होती. ती पाच मिनिटांत आली. आल्या आल्या तिनं आधी हात धुतले, मग सासूबाईंचा हात हातात घेतला आणि मला विचारलं, "काकू, आजींना शेवटची गोळी कोणती दिलीत? कधी दिलीत?"

मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात आलं, 'नेहमीचीच दिली' असं सांगून मोकळं व्हावं. कारण विचारल्याबरोबर माझ्या काळजात चर्र झालं होतं. दीर समोर, वहिनी समोर. पंधरा दिवस त्यांनी नीट सांभाळलं आणि धाकटी सून आली नि दोन दिवसांत हे करून बसली! जीभ रेटेना. पण त्या मुलीनं माझ्याकडे बघून शांतपणे म्हटलं, "काकू, रागावणार कुणी नाही. मला फक्त कळायला हवं."

मी डबाच तिच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, "दिवे नव्हते गं. बहुतेक चुकीची दिली."

दिरांचंच साखर तपासायचं यंत्र आणून तिनं सासूबाईंच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं. अर्थात सुई नवी घेऊन. साखर ४८ आली! ७०च्या खाली गेली की ती कमी समजतात. सासूबाईंना अजून नीट गिळता येत होतं, म्हणून तिनं त्यांना उठवून बसवलं, तीन चमचे साखर पाण्यात कालवून घोट घोट पाजली आणि १०८ला फोन केला. पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासली, थोडी चढली होती. सासूबाईंनी मला नावानं हाक मारली, तेव्हा मला रडू आवरेना. वहिनी म्हणाल्या, "आता बऱ्या वाटताहेत, कशाला हलवायचं?" पण ती मुलगी ऐकेना. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा असर फार वेळ टिकतो, साखर वर येते नि तासा-दोन तासांनी पुन्हा घसरते, म्हणून दवाखान्यात देखरेखीखाली ठेवायलाच हवं, असं ती म्हणाली. आणि झालंही तसंच. दुपारपर्यंत साखर आणखी एकदा उतरली. पण तेव्हा सलाईन लागलेलं होतं, डॉक्टर समोर होते.

मी जर पहाटे गप्प बसले असते, तर ती 'म्हातारपणाची भूल' ठरली असती आणि आम्ही तुळशीचं पाणी पाजत बसलो असतो. हा विचार आजही रात्री मला जागं करतो.

सासूबाई घरी आल्यावर त्या मुलीनं चार दिवस रोज तासभर येऊन आम्हां दोघी जावांना शिकवलं. म्हणाली, "आम्हांला नर्सिंगला पहिल्या वर्षी जे शिकवतात तेच सांगते. घरी तुम्ही जे करता ते आमचंच काम आहे, फक्त तुम्हांला कुणी शिकवलेलं नसतं." तेच आज तुमच्यासाठी लिहून काढते आहे. हे पान कापून औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

नाव विचारा, गृहीत धरू नका

दवाखान्यात रोग्याच्या मनगटाला पट्टी असते ना, ती शोभेची नसते. औषध, इंजेक्शन, रक्त, काहीही देण्याआधी दोन खुणा जुळवायच्या असा नियम आहे: पूर्ण नाव आणि जन्मतारीख किंवा नोंदणीचा क्रमांक. खोलीचा नंबर किंवा खाट ही खूण धरत नाहीत, कारण खाट बदलते. आणि विचारायचं कसं, तर "तुम्ही जोशीआजी ना?" असं नाही. कमी ऐकू येणारं माणूस कशालाही "हो" म्हणतं. "आजी, तुमचं नाव काय?" असं विचारायचं, म्हणजे त्यांना सांगावं लागतं. आपलं माणूस दवाखान्यात असलं आणि कुणी न विचारता सुई टोचायला आलं, तर आपणच हसतमुखानं म्हणावं, "सिस्टर, नाव बघून घेता का?" यात कसला आलाय अपमान!

नुसतं तोंडाकडे बघून ठरवण्यानं काय होतं, याची एक गोष्ट मुरूडचीच आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे या गावचे. शाळकरी वयात परीक्षेला बसण्यासाठी ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत शंभरावर मैल चालत गेले. भर पावसाळ्यात, घाट चढून. आणि तिथं पोचल्यावर परीक्षकांनी त्यांची किरकोळ अंगकाठी पाहिली आणि 'हा मुलगा तेवढ्या वयाचा दिसत नाही' म्हणून परत पाठवलं. कर्व्यांची ती खेप फुकट गेली, पण पुढं आयुष्य उभं राहिलं. औषधाच्या बाबतीत अंदाजानं ठरवलं, तर दुसरी खेप मिळेलच असं नाही.

गोळ्यांचा डबा

घरात जितकी माणसं औषध घेतात तितके डबे हवेत. प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत नाव. आमच्या घरी आता सासूबाईंचा डबा लाल झाकणाचा आणि दिरांचा निळा, आणि दोन्ही एका फळीवर ठेवायचे नाहीत असा वहिनींचा कडक हुकूम आहे.

पट्टी कापायची नाही. कापायचीच वेळ आली तर जिथं नाव आणि मुदतीची तारीख आहे तो तुकडा शेवटपर्यंत राखायचा. नर्सिंगमध्ये औषध देताना पाच गोष्टी मनात म्हणायला शिकवतात: माणूस बरोबर, औषध बरोबर, प्रमाण बरोबर, वेळ बरोबर आणि देण्याची रीत बरोबर. रीत म्हणजे काय, तर कानात घालायचे थेंब डोळ्यांत जाता कामा नयेत आणि चोळायचं औषध पोटात. नाव तीनदा वाचायचं. डब्यातून घेताना, गोळी काढताना आणि परत ठेवताना. अंधारात औषध द्यायचं नाही. विजेरी डब्याजवळच टांगून ठेवा.

आणखी काही गोष्टी, ज्या मलाही नव्या होत्या. एकच औषध निरनिराळ्या कंपन्यांच्या नावानं मिळतं. तापाची म्हणून एक गोळी आणि अंगदुखीची म्हणून दुसरी दिली, तर दोन्हींत पॅरासिटामॉलच असू शकतं आणि नकळत दुप्पट पोटात जातं. म्हणून बारीक अक्षरांतलं मूळ औषधाचं नाव वाचायची सवय लावा. पातळ औषध आपल्या स्वयंपाकघरातल्या चमच्यानं देऊ नका. औषधातला एक चमचा म्हणजे ५ मिलिलिटर, आणि आपले चमचे म्हणजे काय, सासरचा वेगळा नि माहेरचा वेगळा! बाटलीबरोबर येतं ते माप वापरा. गिळवत नाही म्हणून सरसकट सगळ्या गोळ्या कुटू नका. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात अशाच केलेल्या असतात. कुटल्या की सगळं औषध एकदम अंगात जातं. आधी विचारा.

इन्सुलिन आणि सुया

ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी हे नीट वाचावं. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं. पण १०० युनिटचंही मिळतं. दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या. साधारणपणे ४०ची लाल टोपणाची आणि १००ची नारिंगी टोपणाची. १००चं इन्सुलिन ४०च्या सिरिंजनं भरलं तर अडीचपट जास्त जातं. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, एवढं दर वेळी बघायचं. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. फ्रिज नसेल किंवा वीज जात असेल तर मातीच्या मडक्याची युक्ती करा. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात बाटली.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका. नर्सेसना सुई टोचून इजा होते ती पुष्कळदा याच वेळी, आणि त्या एका टोचणीतून कावीळ ब, कावीळ क किंवा एच.आय.व्ही. होऊ शकतो. जाड प्लॅस्टिकची झाकणाची बाटली ठेवा, सुई थेट तिच्यात टाका, पाऊण भरली की झाकण घट्ट लावून दवाखान्यात नेऊन द्या. केराच्या टोपलीत सुई टाकलीत, तर केर नेणाऱ्या बाईच्या हातात ती घुसेल. तीही कुणाची आई आहेच ना.

हात

तुम्ही म्हणाल, हात धुवायचं आता काय शिकवता! २०२०च्या साथीत आपण सगळ्याच शिकलो. शिकलो खरं, पण विसरलोही तितक्याच लवकर.

१८४७ साली व्हिएन्नातल्या एका मोठ्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाचे डॉक्टर होते. तिथं बाळंतिणी तापानं पटापट मरत. त्यांच्या लक्षात आलं की, डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला येतात. त्यांनी क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्यानं कमी झाले. पण 'आमचे हात घाणेरडे म्हणता?' म्हणून मोठमोठे डॉक्टर त्यांच्यावर रागावले. बिचारे १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात वारले. हात धुवा म्हटलं की माणसाला राग येतो, हे असं जुनंच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं हात धुण्याच्या पाच वेळा ठरवल्या आहेत. रोग्याला हात लावण्याआधी. जखम, नळी, सुई यांचं काम करण्याआधी. मलमूत्र, रक्त, ओकारी यांच्याशी संबंध आल्यानंतर. रोग्याला हात लावून झाल्यावर. आणि नुसतं त्याच्या अंथरुण-पांघरुणाला, खाटेला हात लावला तरी, त्यानंतर. साबण-पाण्यानं ४० ते ६० सेकंद. बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांच्या कडा. हे सगळं करून शेवटी पदराला हात पुसलात की मेहनत फुकट! रोग्याच्या कामासाठी वेगळा, रोज धुतलेला पंचा ठेवा.

आणि आपल्या बांगड्या! काढा असं मी कुणाला म्हणणार नाही. पण जखमेचं काम करताना त्या कोपराकडे सारून रुमालानं अडकवाव्यात आणि खड्याची अंगठी काढून ठेवावी. खड्याच्या घरात जंतू दडून बसतात. नखं कापलेली हवीत.

पडून राहिलेलं माणूस

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला, माकडहाडाला, टाचांना फोड येतात ते एकाच जागी दाब राहिल्यामुळे. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. घड्याळाचा गजर लावा. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांना कोणत्या कुशीवर वळवायचं ते डॉक्टरांना आधी विचारून घ्या. दोन गुडघ्यांत उशी ठेवायची, पायांची अढी पडू द्यायची नाही. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवायच्या. चादरीला चुणी नको, अंथरुणात खाण्याचे कण नकोत, ओल नको.

रोज अंघोळीच्या वेळी पाठ बघा. लाल चट्टा दिसला तर बोटानं दाबा. बोट काढल्यावर क्षणभर पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर अजून वेळ गेलेली नाही. लालच राहिला तर फोडाची सुरुवात आहे असं समजा. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथं कातडी गरम लागते का, टणक लागते का ते बघा. अशा जागी तेल किंवा स्पिरिट चोळायची आपली जुनी पद्धत आहे, ती सोडून द्या. चोळण्यानं आतलं मांस आणखी दुखावतं. आणि ती रबरी कडी बसायला देतात ना, तीही नको. कडेला दाब येऊन मधलं रक्त अडतं.

पडणं

सासूबाई एका पायरीवरून पडल्या आणि घर महिनाभर अंथरुणाला लागलं. कोकणात जांभ्याच्या पायऱ्या आणि चार महिने पाऊस. तेव्हा जूनमध्ये एकदा आणि मग दर पंधरा दिवसांनी ब्रशनं शेवाळ खरवडून काढायचं काम घरातल्या पुरुषांकडे द्या. गावातल्या घरी असो की शहरातल्या ब्लॉकमध्ये, न्हाणीघर कोरडं, रात्री एक छोटा दिवा, पायपुसणी सरकणारी नकोत, चपला मागून पट्टा असलेल्या. म्हाताऱ्या माणसानं झोपेतून उठून एकदम चालायचं नाही. आधी खाटेच्या कडेला मिनिट-दोन मिनिटं बसायचं, चक्कर नाही ना बघायचं, मग उभं राहायचं. म्हातारी माणसं पुष्कळदा रात्री लघवीला उठताना पडतात, कारण आपल्याला उठवायला त्यांना संकोच वाटतो. तेव्हा झोपण्याआधी आपणच विचारावं, आणि हाताशी एक घंटी ठेवावी. देवघरातली चालते!

खाणं-पिणं

झोपेत असलेल्या किंवा गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी, चहा, औषध काहीही घालू नका. ते फुप्फुसात जातं. पूर्ण बसवून, मान किंचित पुढं झुकवून, छोटे घास. जेवल्यावर अर्धा तास तरी बसतं ठेवायचं. साखर कमी झालेल्या माणसाचंही तेच. शुद्धीवर असेल तरच साखरपाणी. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवायचं आणि १०८.

आमच्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण वाडीतली शहाळी घेऊन येई. शहाळं चांगलं, पण त्यात पोटॅशियम पुष्कळ असतं. ज्यांचं मूत्रपिंड अधू आहे, किंवा रक्तदाबाच्या, हृदयाच्या काही गोळ्या चालू आहेत, त्यांना ते बाधतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज दोन-दोन शहाळी पाजू नका. आणि पाहुण्यांनो, प्रेम असावं, पण रोग्याच्या अंथरुणावर बसू नका. सर्दी-खोकला असेल तर घरूनच विचारपूस करा.

डॉक्टरांना फोन करताना

आपण घाबरून म्हणतो, "डॉक्टर, आईंना कसंतरीच होतंय, लवकर या!" यातून त्यांना काहीच कळत नाही. चार वाक्यं पाठ करा. मी कोण आणि रोगी कोण. आता काय होतंय, केव्हापासून. आधीचा आजार आणि औषधं कोणती. मला काय हवंय, म्हणजे 'येता का, की आणू?' यासाठी उशाशी एक वही ठेवा. ताप, लघवी-परसाकडे, खाणं, औषध, सगळं वेळेसह लिहा आणि पाळी बदलताना दुसरीला वाचून दाखवा. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं तर लिहून घ्या आणि त्यांना परत वाचून दाखवा, "अर्धी गोळी, रात्री, जेवल्यावर, बरोबर?" दवाखान्यात मोठ्या नर्सेससुद्धा असंच वाचून दाखवतात.

आणि या गोष्टी दिसल्या तर वाट बघू नका: एकाएकी दम लागणं, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं किंवा एक हात-पाय लुळा पडणं, जाग न येणं किंवा असंबद्ध बोलणं, एकच पोटरी सुजून दुखणं, टाक्यांतून पू, थंडी वाजून ताप, सहा-आठ तास लघवी न होणं. यातल्या पहिल्या चारांसाठी थेट १०८. महाराष्ट्रात २०१४ पासून ही गाडी आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत.

आणि तुम्ही

रोग्याला उचलताना कमरेतून वाकू नका. गुडघ्यांत वाका, त्यांना अगदी जवळ घ्या, आणि शक्यतो दोघांनी मिळून उठवा. सलग जागरणं करू नका. वहिनींनी पंधरा रात्री एकटीनं काढल्या याचं सगळ्यांनी कौतुक केलं, पण थकलेल्या माणसाच्या हातून चुका होतात. माझ्या हातून तर ताजीतवानी असताना झाली! सेवा ही फक्त सुनांची जबाबदारी आहे असं कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही. मुलगे, जावई, नातू, सगळ्यांची नावं पाळीच्या कागदावर घाला. आमचे दीर आता आईची कूस नर्सपेक्षा सफाईनं बदलतात.

हे काम हलकं आहे असं अजूनही काही जणांना वाटतं. त्यांना एवढंच सांगा. सावित्रीबाई फुले १८९७च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता गेल्या. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं आणि घरंदाज मुली नर्स व्हायला धजत नव्हत्या त्या काळात त्यांना ते शिक्षण मिळवून दिलं. आणि मुरूडची सून बाया कर्वे, म्हणजे अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी. १८९३ साली विधवा गोदूबाईंशी लग्न केलं म्हणून याच गावानं या जोडप्याला वाळीत टाकलं होतं. त्याच बाया पुढं लहान मुलाला बरोबर घेऊन नागपूरला गेल्या आणि सुईणपण शिकून आल्या. गावानं त्यांच्या हातचं पाणी नाकारलं, पण बाळंतिणीला कसं सोडवायचं ते त्या शिकल्याच. आज मुरूडला अण्णासाहेबांचं स्मारक आहे. गेलात तर बायांचीही आठवण काढा.

सासूबाई आता काठी घेऊन ओटीपर्यंत येतात. मी गेले की हात पुढं करून विचारतात, "गोळी कुणाची आहे गं?" मी नाव वाचून दाखवते. मग म्हणतात, "पुन्हा वाच." वहिनी पदराआडून हसतात. मीही हसते, आणि पुन्हा वाचते.

तुमच्या हातून कधी अशी चूक झाली असेल, तर मला जरूर लिहा. नाव नको, नुसतं काय झालं ते लिहा. त्यातून दुसऱ्या कुणाची तरी सासू, आई, मूल वाचेल. पुढच्या अंकात आपण लहान मुलांच्या औषधांबद्दल बोलू. तोपर्यंत एक करा. आज रात्री जेवणं आटपली की औषधांचा डबा उजेडात उपडा करा, आणि ज्या पट्टीवर नाव नाही ती केमिस्टाला दाखवल्याशिवाय परत आत ठेवू नका.